आईच्या डोळ्यातलं इंजेक्शन : चालू ठेवायचं की थांबवायचं?

आमच्या आईला स्मृतिभ्रंश आहे. त्यात साखरेमुळे उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आली. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन सुरू झालं. तीन झाली. चौथ्या वेळी ती घाबरून ओरडली, डॉक्टरांचा हात धरला. आपण कुठे आहोत, हेच तिला कळेना. त्या रात्री आम्ही भावंडं बोलत बसलो. थांबवलं तर लोक म्हणतील, पोरांनी आईला वाऱ्यावर सोडलं.

नर्सिंग करूनही आम्हाला उत्तर सुचेना. डॉक्टरांना तीन प्रश्न विचारले: आता नजर किती सुधारेल? थांबवलं तर काय होईल, दुखेल का? कमी त्रासाचा मार्ग आहे का? कळलं की, सुधारणा थोडीच होईल. थांबवलं तर त्या डोळ्याला चेहरे, अक्षरं धूसर दिसतील. पण या सुजेने सहसा दुखत नाही. डावा डोळा बरा होता. आम्ही इंजेक्शन थांबवलं. साखरेच्या गोळ्या आणि डोळ्यांची तपासणी मात्र चालू ठेवली. घरात उजेड वाढवला, वस्तू जागच्या जागी ठेवल्या.

प्रत्येक घराचं उत्तर हेच नसतं. मोतीबिंदू असेल तर 'विसरते, आता कशाला ऑपरेशन?' म्हणू नका. दिसू लागलं की गोंधळ, पडणं कमी होऊ शकतं. काचबिंदूचे थेंब परस्पर बंद करू नका. त्यात गेलेली नजर परत येत नाही. डोळा लाल होऊन दुखला तर लगेच दवाखाना गाठा.

आणि शांत वेळ पाहून आईलाच विचारा. विसरली, म्हणून तिचं मत संपत नाही.