तिथी, वार आणि तारीख : कालगणनांच्या मेळाचा एक प्रश्न

बखरी, शकावल्या व पत्रव्यवहार यांच्या अभ्यासात तिथीचे इसवी तारखेत रूपांतर करणे ही कोष्टक पाहून उरकण्याची बाब समजली जाते. वस्तुतः येथे तीन प्रश्न विचारणे अगत्याचे असते : दिवस केव्हा सुरू होतो, वर्ष केव्हा बदलते आणि 'इसवी' म्हणजे नेमकी कोणती गणना?

शिवराज्याभिषेकाचे उदाहरण घेऊ. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवारी, तीन घटका रात्र उरली असता महाराज सिंहासनी बसले, अशी जेधे शकावलीची नोंद आहे. इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन मात्र ६ जून १६७४ च्या सकाळी त्यांना सिंहासनारूढ पाहिल्याचे लिहितो. त्या तारखेस शनिवार येतो. हा विरोध केवळ भासमान आहे. आपला वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत चालतो. त्यापूर्वीच्या तीन घटका, म्हणजे ७२ मिनिटे, शुक्रवारच्याच होत. इंग्रजांचा शनिवार मध्यरात्रीच सुरू झालेला होता.

पुढचा प्रश्न गणनेचा. पोर्तुगालने ग्रेगोरियन गणना १५८२ मध्येच स्वीकारली. इंग्रज मात्र १७५२ पर्यंत ज्यूलियन गणनेला धरून राहिले. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर होते. त्यामुळे सुरतकर इंग्रजांची ६ जून ही गोव्याच्या पोर्तुगीज कागदात १६ जून ठरते. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीखही ज्यूलियनच असून तिची ग्रेगोरियन तारीख १ मार्च होय. शिवाय इंग्रजांचे वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलत असल्याने तत्कालीन इंग्रजी कागदात तो फेब्रुवारी १६२९ चाच गणला जाई.

या दोन्ही तारखांना शुक्रवारच येतो व तो शकावलीशी जुळतो. गणना बदलली तरी वारांचा क्रम खंडित झाला नाही. म्हणून वार तिथीची परीक्षा करतो. परंतु तारीख कोणत्या गणनेची, हे तो सांगू शकत नाही.

मेक्सिकोतील नाहुआ कालगणनेच्या अभ्यासकांना वारांचा हा आधारही नाही. तेथील वर्षारंभ साहागुन २ फेब्रुवारीला, तर दुरान १ मार्चला मानतो. त्यामुळे तेनोच्तित्लानच्या पाडावाचा दिवस, १३ ऑगस्ट १५२१, हाच मेळाचा मुख्य आधार मानावा लागला. नाहुआ गणनेत तो 'एक सर्प' हा दिवस होता.

नागपूरकर भोसल्यांविषयीच्या १७५२ नंतरच्या इंग्रजी पत्रांना ही दुरुस्ती लागू नाही. त्यापूर्वीच्या कागदांना ती अपरिहार्य आहे. म्हणून अभ्यासकाने मूळ नोंद, तिची गणना व रूपांतरित तारीख ही तिन्ही स्वतंत्रपणे नमूद करावीत.