‘चौपट स्पीड’चा मोडेम झिप फाइलपुढे का हरायचा? जुन्या डायल-अपचा धडा मोबाईललाही लागू

ऑनलाइन फॉर्म भरताना फोटो अपलोड होत नाही, गोल चक्र नुसतं फिरत राहतं. मग कुणीतरी सांगतं, "झिप करून टाक, लवकर जाईल." पण फोटो झिप करून फारसा फरक पडत नाही. याचं कारण लँडलाइनवर चालणाऱ्या जुन्या इंटरनेटमध्ये सापडतं.

भारतात १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं, ते फोनच्या तारेवरून. तारेत खरखर झाली की अक्षरं बिघडायची. त्यावर मोडेममध्ये दोन सोयी होत्या: चूक दुरुस्ती आणि डेटा आवळणं, म्हणजे कॉम्प्रेशन.

चूक दुरुस्ती कशी चालायची?

माहितीचे छोटे गठ्ठे करायचे आणि प्रत्येक गठ्ठ्यासोबत हिशेबाचा एक आकडा पाठवायचा. पलीकडे हिशेब जुळला नाही, तर तो गठ्ठा पुन्हा मागवायचा. यासाठी मायक्रोकॉम कंपनीची ‘एमएनपी ४’ पद्धत होती, तर १९८८ मध्ये ‘व्ही.४२’ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं.

याचा आणखी एक फायदा बघा. साध्या जोडणीत प्रत्येक अक्षराला ८ ऐवजी १० बिट लागायचे. गठ्ठा पद्धतीत ते जादा २ बिट वाचायचे. २८,८०० बिटच्या मोडेमवर सेकंदाला २,८८० ऐवजी जवळपास ३,६०० अक्षरं जाऊ शकायची. गठ्ठ्याच्या हिशेबात त्यातली थोडी खर्च व्हायची, एवढंच.

दुप्पट की चौपट?

कॉम्प्रेशनमध्ये ‘एमएनपी ५’ जास्तीत जास्त दुप्पट, तर १९९० चं ‘व्ही.४२ बिस’ चौपटीपर्यंत जायचं. ‘व्ही.४२ बिस’ पुन्हा पुन्हा येणाऱ्या अक्षरसमूहांचा कोश तयार करायचं आणि समूहाऐवजी फक्त त्याचा क्रमांक पाठवायचं. दोन्ही टोकांचा कोश तंतोतंत सारखा हवा. एक बिट चुकला तरी पुढचं सगळं बिघडणार. म्हणूनच चूक दुरुस्तीशिवाय कॉम्प्रेशन चालत नसे.

पण ही चौपट फक्त साध्या मजकुरासारख्या माहितीवर, तीही उत्तम परिस्थितीत. शिवाय कॉम्प्युटर आणि मोडेममधला वेग १,१५,२०० वर ठेवावा लागे, नाहीतर चौपटीचा फायदा वायाच.

खरी परीक्षा झिप फाइलची

झिप किंवा जेपीजी फाइल आधीच आवळलेली असते. पिळून काढलेल्या उसाच्या चिपाडातून पुन्हा किती रस निघणार? ‘एमएनपी ५’ तरीही आवळायला जायचं आणि फाइल उलट थोडी फुगायची, वेळही जास्त लागायचा. ‘व्ही.४२ बिस’ मात्र फायदा नाही असं दिसलं की माहिती आहे तशी पाठवायचं. खोक्यावरच्या आकड्यापेक्षा हा शहाणपणा जास्त कामाचा होता.

आज काय लक्षात ठेवायचं?

मोबाईलमधला फोटो बहुतेक वेळा आधीच आवळलेला असतो. फॉर्मसाठी तो झिप करू नका, फोटोची लांबी-रुंदी कमी करा. आणि रेंज कमी असेल तर मोबाईलसुद्धा बिघडलेले गठ्ठे पुन्हा पुन्हा पाठवतो, त्यात वेळ जातो. अशा वेळी बटण सारखं दाबत बसण्यापेक्षा चांगली रेंज मिळेल तिथे जाऊन फॉर्म भरलेला बरा. शेवटच्या तारखेची वाट तर बघूच नका.