‘मला जमतं’ कुठून येतं?

पुढे कोण व्हायचं ही आकांक्षा. ‘मला गणित जमतं’ ही स्वप्रतिमा. गुणांशी जवळचं नातं दुसरीचं: गुण मिळाले की ती बळावते, बळावली की अभ्यास वाढतो. पण मूल स्वतःला वर्गातल्या इतरांशी ताडून पाहतं. विक्रमगडच्या आश्रमशाळेत पहिली येणारी मुलगी बोईसरच्या कॉलेजात एकाएकी स्वतःला ‘ढ’ समजू शकते. बुद्धी तीच असते! मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८०च्या दशकात हा परिणाम दाखवून दिला.

आकांक्षेला वाटही लागते. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून बोईसरच्या शेजारी आहे, पण तिथवर पोचायचं कसं हे घरात कुणाला ठाऊक नसेल, तर जवळ असून उपयोग काय? वाट मुलांपर्यंत नेताही येते: बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली.