शुगरची गोळी आणि पेशीचे दार

आमच्या डहाणू-तलासरी भागातील कितीतरी समाजबांधव पहाटे शुगरची गोळी घेतात, नुसता चहा पितात आणि विरारकडे जाणारी लोकल पकडतात. न्याहारी राहून जाते. मग दहाच्या सुमारास एखाद्याचे हातपाय थरथरतात, घाम फुटतो, बोलणे असंबद्ध होते. सोबतच्यांना वाटते, ऊन लागले किंवा ताडी चढली. खरे कारण पेशीच्या एका दारात असते. ते विद्यार्थ्यांनी नीट समजून घ्यावे म्हणून हा लेखप्रपंच.

जठराच्या मागे स्वादुपिंड असते. त्यात पेशींची लहान बेटे विखुरलेली असतात व त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन तयार करतात. या पेशीच्या आवरणात पोटॅशियमसाठी सूक्ष्म दारे असतात. आपण उपाशी असताना त्यांतून धनभारित पोटॅशियम बाहेर झिरपतो, पेशीची आतली बाजू ऋणभारित राहते आणि इन्सुलिन जवळजवळ थांबते. भाकरी खाल्ली की रक्तातील साखर पेशीत शिरते, तिचे ज्वलन होते व एटीपी हे ऊर्जाद्रव्य वाढते. एटीपी हे दार बंद करते. त्यामुळे विद्युतभार बदलतो, कॅल्शियमची वेगळी दारे उघडतात, कॅल्शियम आत येतो आणि साठवलेले इन्सुलिन रक्तात सोडले जाते. साखरेमुळे पोटॅशियमचे दार बंद होते, हे ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस ॲशक्रॉफ्ट व सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखविले.

गंमत अशी की औषध आधी सापडले, दार नंतर. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए येथे टायफॉईडच्या रोग्यांना एक नवे सल्फा औषध दिले, तेव्हा त्यांची साखर धोकादायकरीत्या उतरली. ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड या गोळ्या त्याच कुळातल्या. त्या दाराला चिकटून ते बंद करतात. माणूस जेवला की नाही, हे गोळीला कळत नाही. (मेटफॉर्मिनचे काम वेगळे, ती या दाराला हात लावत नाही.) म्हणून गोळी घेतल्यावर जेवण चुकवू नये, उपास असेल तर डॉक्टरांना आधी विचारावे. गोळी मनाने बंदही करू नये. थरथर सुटताच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व नंतर खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा. गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे शुद्धीवर आलेल्यालाही लगेच एकटे सोडू नये.

आणखी एक गोष्ट आम्हांस महत्त्वाची वाटते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह झाला, तर कधी कधी हे दार जन्मतःच उघडे अडकलेले असते. त्यामागचा जनुकातील दोष २००४ साली कळला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा ४९ रुग्णांपैकी ४४ जणांचे इन्सुलिन थांबवून याच गोळ्यांवर भागले. तेव्हा अशा बाळाच्या आईवडिलांनी सुई जन्माची आहे असे धरून न बसता जनुक-तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.