आधी बूट, मग चाकं!

शनिवारची सकाळ. हातात कॉफीचा मग घेऊन तुम्ही बाल्कनीत उभे आहात आणि खाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्केटिंगचा क्लास चाललाय. सात-आठ वर्षांची चिल्लीपिल्ली सुंऽऽ करत खांबांमधून निघून जातायत. जिमची वर्षाची फी भरून दोन महिन्यांत कंटाळलेल्या कुणालाही अशा वेळी वाटतंच, की यार, हे आपण का नाही करत?

मलाही वाटलं. तिशी उलटली होती, ट्रेडमिलवर गुडघे कुरकुरायला लागले होते. त्याच रात्री ऑनलाइन बसून एक जोड मागवून टाकला. निळा-काळा, चाकांत लाइट लागणारा, मस्त स्वस्त! आणि आपली मराठी सवय, एक नंबर मोठा मागवला. वाढत्या अंगाचा! एकतिसाव्या वर्षी पाय कुठे वाढणार होते, देव जाणे.

पहिल्या दिवशी दहा मिनिटांत तळपाय बधिर. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड. घोटे तर असे आत वळत होते, की लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईंना काहीतरी झालंय. आठवड्याभरात निष्कर्ष काढून मोकळी झाले : आपलं वय गेलं. स्केट्स माळ्यावर जाणारच होते, तेवढ्यात क्लासच्या सरांनी हाक मारली. ‘‘मॅडम, हे काढा आणि जरा हे घालून बघा.’’ त्यांनी कुणाच्या तरी मम्मीचे स्केट्स पुढे केले. मी उभी राहिले आणि चक्क उभीच राहिले! घोटे सरळ. सर म्हणाले, ‘‘पाय चांगलेत तुमचे. बूट वाईट होते.’’

तर मंडळी, सगळा फंडा बुटात आहे. एका रांगेत चाकं असलेले हे इनलाइन स्केट्स जगभर लोकप्रिय झाले ते अमेरिकेतल्या मिनेसोटातल्या ऑल्सन भावांमुळे. हे दोघं आइस हॉकी खेळणारे. बर्फ नसतानाही सराव करता यावा म्हणून १९८०च्या सुमारास त्यांनी यात लक्ष घातलं आणि त्यातूनच पुढे ‘रोलरब्लेड’ ही कंपनी उभी राहिली. आपल्या लहानपणीचे लोखंडी स्केट्स आठवतात? चपटे, पट्ट्याचे, चावीने लांबी कमी-जास्त करायचे? ते आपल्याच बुटाखाली बांधायचे. इनलाइनमध्ये मात्र बूटच घोट्याला धरून ठेवतो. तो ढिला, तर बाकी सगळं फुकट.

म्हणून माप नीट घ्या. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा आणि सर्वात लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं मोजा, कारण ते क्वचितच सारखे असतात. चांगल्या कंपन्यांच्या चार्टवर हे माप असतंच. शक्यतो दुकानात जा आणि तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. पातळ मोजे घाला, टाच मागे आपटून बसवा, बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर अंगठा पुढे जेमतेम टेकावा आणि गुडघे वाकवले की सुटावा. टाच वर उचलली जाता कामा नये. मग तसेच पंधरा मिनिटं बसा-उठा. सेल्समन कंटाळला तर कंटाळू दे! सगळीकडून घट्ट वाटलं तर चालेल, आतलं अस्तर वापराने थोडं दबतं. पण एकाच जागी टोचलं किंवा मुंग्या आल्या, तर तो जोड परत.

आता चाकं. त्यांच्यावर ‘८० एमएम, ८२ए’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा कडकपणाचा. व्यायामापुरतं फिरणाऱ्याला ७६ ते ८४ एमएम भरपूर. ११०ची तीन मोठी चाकं दिसायला भन्नाट असतात, पण उंची वाढते आणि नवशिक्याचा तोल जातो. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक जिकडे-तिकडे, त्यामुळे फार लहान आणि कडक चाकं घेतलीत तर दात वाजतील. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘एबेक ७’, ‘एबेक ९’ असंही लिहिलेलं असतं. त्याला भुलू नका. तो बेअरिंग किती काटेकोर मापात बनवलंय याचा आकडा आहे. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये तुम्हाला तो जाणवणारसुद्धा नाही.

त्यापेक्षा स्केट उलटा करून बघा. चाकं ॲलन की लावून काढता येतात का? ब्रेकचा रबर बदलता येतो का? अगदी स्वस्त जोडांत चाकं कायमची ठोकलेली असतात, झिजली की स्केट्सच भंगारात. फ्रेम ॲल्युमिनियमचीच हवी, असा हट्ट नको. चांगल्या दर्जाच्या प्लास्टिकची फ्रेम स्वस्त पडते आणि रस्त्याचे धक्केही थोडे पिते.

यात वाचलेले पैसे मनगटावर घाला. हो, मनगटावरच. पडताना माणूस हात आधी टेकतो. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की रिस्ट गार्ड न घालणाऱ्यांमध्ये मनगटाला इजा होण्याची शक्यता घालणाऱ्यांच्या दहापट होती. दिवसभर की-बोर्ड बडवून पोट भरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवलेला बरा. हेल्मेट आणि नी-पॅड तर हवेतच. बजेट ठरवताना हा खर्च आधी बाजूला काढा, उरलेल्यात स्केट्स बसवा. आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर अजिबात नको. चाकं सटकतात, बेअरिंग गंजतात ते वेगळंच.

माझा लाइटवाला जोड अजून माळ्यावर आहे. परवा भाचीने तो मागितला. तिला म्हटलं, आधी इकडे ये आणि या कागदावर पाय ठेव.