विश्लेषण : मशीनवर गोधडी शिवताना टीप शिवणीबाहेर का घसरते? ती नेमकी कशी घालायची?

रंगीत तुकडे जोडून गोधडीचा वरचा थर तयार करायला कित्येक दिवस लागतात. मग त्याखाली कापसाचा थर आणि अस्तर ठेवून तिन्ही एकत्र शिवायचे काम मशीनवर केले जाते आणि नेमकी तिथेच टीप वाकडी जाते. तीन थरांतून गेलेली टीप उसवण्यात वेळ जातो, कापडावर सुईची भोकेही दिसतात. घरी गोधड्यांच्या ऑर्डर घेणाऱ्यांसाठी हे थेट नुकसान. दोष बहुतेक वेळा हाताला दिला जातो. प्रत्यक्षात कारण बऱ्याचदा दुसरीकडेच असते.

शिवणीतली टीप म्हणजे काय?

दोन तुकडे जिथे जोडले जातात ती रेषा म्हणजे शिवण. थर एकत्र धरणारी टीप याच रेषेतून घालण्याच्या पद्धतीला ‘स्टिच इन द डिच’, म्हणजे खाचेतली टीप म्हणतात. नीट जमली तर टीप दिसतच नाही, तुकड्यांची नक्षी तेवढी उठून दिसते. पण ती दोन-तीन धागे जरी सरकली, तरी गडद तुकड्यावर फिका दोरा लगेच नजरेत भरतो.

हाताच्या गोधडीत ही अडचण का नसते?

जुन्या लुगड्यांच्या आणि धोतरांच्या थरांवर धावदोरा घालताना थर ढकलले जात नाहीत. शिवाय तिथे टाक्यांच्या ओळी हीच शोभा असते. त्या लपवायच्या नसतात. मशीनचे तसे नाही. सुईखालचे दाते अस्तराला पुढे नेतात, पण फुटाखाली दाबलेला वरचा थर किंचित मागे राहतो. हा फरक टाक्यागणिक साठत जातो आणि टोकाशी चुणी पडते. ती टाळायला आपण कापड ओढतो आणि टीप रेषा सोडते.

इस्त्रीचा काय संबंध?

इथेच अर्धे काम होते. तुकडे जोडताना पाव इंच माया ठेवतात. ही माया इस्त्रीने एकाच बाजूला वळवली की ती बाजू जाड होते आणि दुसरी खोलगट राहते. टीप नेहमी खोलगट बाजूने, उंचवट्याला अगदी खेटून घालायची. माया दोन्हीकडे उघडून दाबली असेल तर खाचच उरत नाही. शिवाय सुई जोडाच्या दोऱ्यावरच पडत राहते. इस्त्री घासू नये, उचलून ठेवावी. घासल्याने कापड ताणले जाते आणि शिवणच वाकडी होते. मग टीप सरळ घालूनही उपयोग नसतो.

थर कसे धरून ठेवायचे?

अस्तर सपाट जागेवर, सुलट बाजू खाली करून पसरावे आणि कडा चिकटपट्टीने धराव्यात. ते ताठ असावे, ताणलेले नसावे. त्यावर कापूस आणि वरचा थर ठेवून मध्यापासून कडेकडे सेफ्टी पिना लावाव्यात. दोन पिनांमध्ये साधारण चार बोटांपेक्षा जास्त अंतर नको आणि पिन शिवणीवर येऊ देऊ नये. पिनांऐवजी हाताने लांब कच्चे टाके घातले तरी चालतात.

कोणता फूट वापरावा?

‘वॉकिंग फूट’ला स्वतःचे दाते असतात. त्याची दांडी सुईच्या स्क्रूवर बसते आणि सुईबरोबर वरखाली होते. त्यामुळे वरचा थरही खालच्या थराच्या वेगाने सरकतो. विकत घेताना तो आपल्या मशीनला बसतो का, हे तपासावे. अनेक वॉकिंग फूट उलटी टीप घालण्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून सुरुवातीला आणि शेवटी पाच-सहा अगदी बारीक टाके घालून दोरा पक्का करावा. मध्ये पातळ पट्टी असलेला फूटही मिळतो. ती पट्टी खाचेत धरली की दिशा सापडते, पण थर सरकणे त्याने थांबत नाही. वॉकिंग फूट नसेल तर फुटाचा दाब कमी करावा, पातळ कापूस घ्यावा आणि पिना अधिक जवळ लावाव्यात.

टीप घालताना काय पाळावे?

आधी मधल्या लांब शिवणी घ्याव्यात, मग कडेकडे जावे. टाका अडीच ते तीन मिलिमीटरचा ठेवावा आणि सुई नवी असावी. गोधडी टेबलावरून खाली लोंबत असेल तर तिचे वजनच कापडाला बाजूला खेचते. म्हणून डावीकडे आणि मागे आधार हवा. टेबल लहान असेल तर शेजारी खुर्ची लावावी. नजर सुईवर नको, फुटाच्या पुढच्या रेषेवर असावी. दोन्ही हातांनी शिवण हलकेच फाकवून धरावी. हात सोडल्यावर कापड मिटते आणि टाके झाकले जातात. हात बदलताना सुई कापडात खाली ठेवूनच थांबावे.

खरी परीक्षा चौकात, म्हणजे चार तुकडे मिळतात तिथे असते. माया तिथे बहुधा उलट बाजूला वळलेली असते, म्हणून खोलगट बाजूही बदलते. चौकात थांबून, एक टाका रेषेपलीकडे घेऊन दुसरी बाजू धरावी. सरळ जात राहिल्यास टीप उंचवट्यावर चढते.

तरीही घसरली तर?

आधी गोधडी हातभर लांब धरून पाहावी. त्या अंतरावरून चूक दिसत नसेल तर उसवू नये. सुती कापूस पहिल्या धुण्यात थोडा आटतो आणि त्या सुरकुत्यांत एखाद-दुसऱ्या धाग्याची चूक झाकली जाते. कापडाच्या रंगाचा बारीक दोराही चूक लपवतो. मात्र चुणी शिवली गेली असेल तर तेवढा भाग उसवावाच, कारण ती धुऊनही जात नाही. ऑर्डरच्या गोधडीला हात घालण्याआधी त्याच कापडाच्या हातभर तुकड्यावर तिन्ही थर ठेवून टीप मारून पाहावी. दाब, टाका आणि दोरा यांतला दोष त्या तुकड्यावरच कळतो.