बिदासोआच्या कांठचें आंदाय

फ्रान्स देशाच्या नैर्ऋत्य टोंकास, पिरिनीज पर्वत जेथें अटलांटिक महासागरास भेटतो तेथें, आंदाय नांवाचें एक लहानसें गांव आहे. गांवाजवळून बिदासोआ नदी वाहते आणि तिच्या पैलतीरीं स्पेनचा मुलूख लागतो. दोन्ही तीरांवरील मूळची वस्ती बास्क लोकांची असून त्यांची भाषा एकच आहे. सरहद्द ही माणसांस जोडते कीं तोडते, हा प्रश्न ज्यांस पडत असेल त्यांनीं या गांवाची हकीकत अवश्य जाणून घ्यावी.

नदीच्या पात्रांत सुमारें २०० मीटर लांबीचें एक चिंचोळें बेट आहे. त्यास फेझंट बेट म्हणतात. १६३५ पासून चाललेलें फ्रान्स व स्पेन यांचें युद्ध ७ नोव्हेंबर १६५९ रोजीं याच बेटावर तह होऊन संपलें. पुढच्याच वर्षीं स्पेनची राजकन्या मारिया तेरेसा हिला येथेंच चौदाव्या लुईच्या स्वाधीन करण्यांत आलें. सोयरीक जुळली, पण वैर मिटलें नाहीं. १६६७ सालीं लुईनें बायकोच्या वारसाहक्काचें निमित्त करून स्पेनच्या ताब्यांतील नेदरलंड्सवर चाल केली!

बेटाचा प्रश्न मात्र शहाणपणानें सुटला. १८५६ च्या करारानें तें दोन्ही राष्ट्रांचें सामाईक ठरलें. १ फेब्रुवारीपासून ३१ जुलैपर्यंत तेथील अंमल स्पेनकडे असतो व उरलेले सहा महिने फ्रान्सकडे. भाऊबंदांत कुलदेवतेच्या पूजेच्या पाळ्या असाव्यात, तसाच हा प्रकार होय. बेटावर ना वस्ती, ना उत्पन्न. तरीही पाळी चालूच आहे.

गांवाचें दुसरें प्रसिद्ध स्थळ म्हणजे रेल्वे-स्टेशन. स्पेनचे रूळ रुंद व फ्रान्सचे त्याहून अरुंद असल्यामुळें उतारूंस येथें गाडी बदलावी लागे. २३ ऑक्टोबर १९४० रोजीं, हा भाग जर्मनीच्या ताब्यांत असतां, याच स्टेशनांत हिटलर व फ्रँको यांची भेट झाली. हिटलरच्या डब्यांत कित्येक तास बोलणीं चाललीं. पण सौदा जमला नाहीं, आणि स्पेन जर्मनीच्या बाजूनें युद्धांत अधिकृतपणें उतरला नाहीं.

नदीवरील पुलांनींही पुष्कळ पाहिलें आहे. १९३६ सालीं स्पेनमधील यादवींत पैलतीरचें इरून शहर जळूं लागलें, तेव्हां हजारों बायकामुलें पूल ओलांडून आंदायच्या आश्रयास आलीं. पुढें १९९५ सालीं युरोपांतील करारान्वयें सीमेवरील तपासणी उठली व पैलतीरीं जाणें शेजारच्या आळींत जाण्याइतकें सोपें झालें. परंतु अलीकडे फ्रान्सनें तपासणी पुन्हां सुरू केली; आणि २०२१ पासून आफ्रिकेंतून आलेले कित्येक निराधार तरुण पूल टाळून ही नदी ओलांडतांना बुडून मेले.

ओसाड बेटाची वांटणी दोन राष्ट्रांस इतक्या समजुतीनें करतां आली. त्याच पाण्यांतून जीव मुठींत धरून येणाऱ्या परक्या माणसासाठीं तीच समजूत कां पुरी पडूं नये, एवढाच प्रश्न आतां त्या नदीकांठीं उरला आहे.